यंत्राची भीड

१० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्या ७६ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला आणि हा करोनाचा भारतातला पहिला बळी असल्याचे देशाला कळले. त्याच सुमारास देशभरातल्या फोनमधून खोकल्याचा आवाज येऊ लागला. कुणालाही फोन लावा, पलीकडची घंटी वाजण्याआधी एक खोकला आणि त्यामागून हात धुण्याची, अंतर ठेवण्याची सूचना. कलबुर्गीच्या गल्ल्यांतून, बीदरच्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून गुलाबी साडीतल्या आशा कार्यकर्त्याही हातात वही घेऊन तेच सांगत फिरू लागल्या.

सांगणे एकच, पण घरात शिरण्याच्या वाटा दोन. फोनमधल्या आवाजाकडे लोकांनी पहिले काही दिवस कान दिला. पुढे तो कधी संपतो याची वाट पाहू लागले, मग कुठले बटण दाबले की तो थांबतो हेही एकमेकांना सांगू लागले. आशाताईच्या बाबतीत तसे करता येत नव्हते. काही दारे तिच्यासाठीही उघडली नाहीत, काही घरांनी ‘नावे कशाला लिहून घेताय?’ असे आडवे प्रश्न केले. पण जिथे ती उंबऱ्याच्या आत गेली, तिथे तिला आत नेले ते वहीने नव्हे. ती त्याच गल्लीतली, कुणाची तरी सून, कुणाची जाऊ; घरातल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेताना रिक्षात शेजारी बसलेली. तिला नाही म्हणणे जड जात होते.

या जड जाण्याला मराठीत नेमका शब्द आहे: भीड. भीती वेगळी, आदर वेगळा, प्रेम वेगळे. भिडेत तिन्हींचा थोडाथोडा अंश असतो. समोरच्याचा चेहरा आपल्याकडे वळलेला आहे, उद्या पुन्हा याच्याशी गाठ पडणार आहे, या जाणिवेतून जीभ ‘नाही’ म्हणायला कचरते. भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे बजावत आली, कारण भिडेपायी जामीन राहिलेले, भिडेपायी जमीन लिहून दिलेले लोक त्यांनी पाहिले होते. आणि भिडेपायीच पोलिओचे थेंब पाजले गेले, मुलींची नावे शाळेत घातली गेली, हेही तितकेच खरे.

ही भीड माणसाला यंत्राची वाटू शकते का? गेली तीस-चाळीस वर्षे जगातल्या अनेक प्रयोगशाळा आपापल्या शब्दांत हाच प्रश्न विचारत आहेत. मिळालेले उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. यंत्राची भीड वाटते, आणि ती वाटायला यंत्र फारसे हुशार असावे लागत नाही.

कारखान्यात वेल्डिंग करणारा रोबो कुणाचे मन वळवत नाही. त्याच्याभोवती जाळी लावतात, माणूस चुकून त्याच्या वाटेत येऊ नये म्हणून. इथे विषय दुसऱ्या प्रकारच्या रोबोंचा आहे. ते माणसांत ठेवण्यासाठीच घडवलेले असतात. त्यांना डोळे असतात, मान वळवता येते, आवाज असतो, बहुधा नावही असते. दवाखान्याच्या दाराशी, शाळेच्या वर्गात, बँकेच्या दालनात, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ते उभे केले जातात आणि त्यांच्याकडून बोलण्याचे काम घेतले जाते. हात धू, गोळी घे, हे खा, ते खाऊ नको, इथे सही कर. यातले प्रत्येक वाक्य म्हणजे मन वळवण्याचा प्रयत्न.

भारताच्या खेड्यात असा प्रयत्न प्रत्यक्ष झालेला आहे. केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, हात धुण्याच्या नळाच्या वर, भिंतीवर ‘पेपे’ नावाचा एक छोटा रोबो बसवण्यात आला. हिरवा रंग, हाताच्या पंजासारखा आकार, हलणारे डोळे आणि तोंडाच्या जागी लहानसा पडदा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाचे अमोल देशमुख आणि अमृता विश्व विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराच्या आसपास मुले, त्यातल्या बहुतेकांनी रोबो कधी पाहिलेला नव्हता. पेपे मुलांशी बोले, नळाशेजारच्या तक्त्यावर लिहिलेल्या पायऱ्यांकडे त्यांचे लक्ष वेधी आणि साबण कसा लावायचा ते त्यांच्याकडून करवून घेई. हात धुण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढले.

यातल्या दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. पहिली डोळ्यांची. पेपेला जीव आहे असे मुलांना वाटले, आणि तसे वाटण्यात त्या हलत्या डोळ्यांचा वाटा मोठा होता. तक्ता भिंतीवर आधीपासूनच लावता आला असता. तसे तक्ते शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे असतातच आणि कोपरे फाटून लोंबत असतात. तक्ता कुणाकडे पाहत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: पेपे स्वतःच्या बुद्धीने बोलत नव्हता, संशोधक दूर बसून त्याच्या तोंडून बोलत होते. मुलांना भीड पडली ती पंजाच्या आकाराच्या हिरव्या चेहऱ्याची, आणि त्यामागे बोलणारा माणूस त्यांना दिसत नव्हता. वायनाडमध्ये त्या माणसाचा हेतू चांगला होता. म्हणूनच हा प्रयोग आनंदाने सांगता येतो.

बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हा विषय आणून ठेवला, की तो एकदम गुंतागुंतीचा होतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली, रेघ ओढली गेली, हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात आले आणि औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. नाती मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिली. खाली आळंद आणि अफजलपूर सोलापूर जिल्ह्याला चिकटलेले. गाणगापूरला दत्ताच्या पायी जाणाऱ्या मराठी माणसाला आपण परराज्यात आलो असे वाटतही नाही. औरादमधल्या एखाद्या घरात चुलीपाशी मराठी बोलतात, तहसिलीत कन्नड, बाजारात दख्खनी, जहिराबादकडच्या पाहुण्यांशी तेलुगू, आणि शेजारच्या तांड्यावर गोरबोली ऐकू येते. एकच माणूस दिवसभरात चार भाषांतून हो म्हणतो आणि चार भाषांतून नाही म्हणतो.

कुठल्या भाषेत कोण काय सांगतो, यावर इथे सांगण्याचे वजन ठरते. कन्नडमधले बोलणे सरकारी कागदाचा वास घेऊन येते, दख्खनीत भाव ठरतो, मायबोलीत मन कळते. इथे मन वळवू पाहणाऱ्या यंत्राला आधी ठरवावे लागेल, की त्याने कुणाच्या बोलीत तोंड उघडायचे. पुस्तकी मराठीत बोलला तर भालकीच्या आजीला तो पुण्याचा साहेब वाटेल. तिच्याच हेलात बोलला, तर ती त्याला घरचा समजेल. आणि तो घरचा नसतो.

मन वळवण्याची विद्या या मातीला नवी नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणला, म्हणजे तेव्हाच्या कल्याणला, बसवण्णांभोवती शरण जमले आणि अनुभव मंटपात धर्म, श्रम आणि जात यांवर वाद-संवाद झाला. संस्कृत बाजूला ठेवून तो लोकांच्या कन्नडमध्ये, वचनांत झाला. परंपरा सांगते, की अक्क महादेवी तिथे आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि तिने प्रत्येकाला उत्तर दिले, मगच तिला आसन मिळाले. दख्खनच्या सूफींनी चक्कीनामे रचले. बाया पहाटे जात्यावर बसल्या, की हात फिरे आणि त्या लयीबरोबर उपदेश आत उतरे. मराठी ओवीचे गावही तेच जाते. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दरबारात हिंदू-मुसलमान दोघेही येत राहिले. कीर्तनकार, फकीर, शरण, या साऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती: ऐकणारा आधी बोलणाऱ्याला पारखतो आणि मग बोलण्याला.

प्रयोगशाळेत सापडलेल्या गोष्टी या जुन्या ज्ञानापासून फार दूर नाहीत. म्हणूनच त्या इथल्या वाचकाला पटकन ओळखीच्या वाटतील.

भिडेचा सगळ्यात साधा प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी एका संगणकावर काम केले. नंतर त्या संगणकाचे काम कसे वाटले, हे त्यांना विचारले. काहींना त्याच संगणकावर उत्तर द्यायचे होते, काहींना दुसऱ्या संगणकावर, काहींना कागदावर. ज्यांनी त्याच संगणकावर उत्तर दिले, त्यांनी त्याची अधिक तारीफ केली. तोंडावर वाईट बोलू नये, हा शिष्टाचार त्यांनी पडदा आणि तारा असलेल्या एका डब्याशी पाळला. संगणकाला भावना असतात असे त्यांना वाटत होते का? मुळीच नाही, विचारले असते तर ते हसले असते. भीड विचारून पडत नाही. १९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा अगदी साधा प्रोग्राम लिहिला, तेव्हा तो तयार होताना डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते, कारण तिला एलायझाशी खासगी बोलायचे होते.

मग नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनचा प्रयोग. कीर्तनाला बसलेल्या कुणालाही तो लगेच समजेल. २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी ‘नाओ’ नावाच्या गुडघ्याएवढ्या रोबोकडून ऐकणाऱ्यांना इसापाची गोष्ट सांगवली, तीच आपली ‘लांडगा आला रे आला’. कधी रोबो ऐकणाऱ्याकडे पाहत सांगे, कधी दुसरीकडे पाहत. कधी हातवारे करी, कधी नाही. नजर लावून सांगितलेली गोष्ट जास्त पटली. हातवाऱ्यांनी त्यात भर घातली, पण नजर लावलेली असेल तरच. नजर दुसरीकडे आणि हात मात्र हवेत, असे झाले की पटण्याऐवजी उलटाच परिणाम झाला. गावोगाव कीर्तने ऐकलेल्या माणसाने असे कीर्तनकार पाहिलेले असतात. चिपळ्या जोरात वाजतात, हात वर जातो, डोळे मात्र मंडपाबाहेर कुठेतरी. आणि मागच्या रांगेतली माणसे हळूहळू उठू लागतात.

टोरंटो विद्यापीठातल्या शेन सॉन्डरसन आणि गोल्डी नेजत यांचा २०२१ मधला अभ्यास सरकारी योजना आखणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा. ३२ लोकांना काही कोडी आणि स्मरणशक्तीची कामे दिली आणि ‘पेपर’ नावाचा रोबो त्यांना मदतीच्या सूचना करू लागला. काहींना सांगितले, की हा रोबो इथला प्रमुख आहे. काहींना सांगितले, की हा तुमच्यासारखाच एक सोबती. सूचना त्याच, आवाज तोच. लोकांनी सोबत्याचे ऐकले, प्रमुखाचे तितके ऐकले नाही. यंत्राने साहेबी दाखवलेली माणसांना रुचत नाही. निजामाच्या काळापासून तहसीलदार, गिरदावर आणि पोलीस पाटील यांचे हुकूम ऐकत आलेल्या मुलखात साहेबाला ‘होय जी’ म्हणून घरी मनाला येईल तेच करण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती कला रोबोपुढेही चालेल.

यावरून कुणी म्हणेल, की मग रोबोला शेजाऱ्याचे रूप द्यावे म्हणजे काम झाले. काळजी वाटायला हवी ती इथेच. साहेबापुढे माणूस सावध असतो. शेजाऱ्यापुढे नसतो.

लहान मुले तर दोघांपुढेही नसतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या ४३ मुलांना रेघांची लांबी ओळखायला सांगितले. एकटी असताना मुलांची ८७ टक्के उत्तरे बरोबर आली. शेजारी तीन रोबो बसवले आणि त्यांनी एकमुखाने चूक उत्तरे दिली, तेव्हा मुलांची बरोबर उत्तरे ७५ टक्क्यांवर घसरली. आणि चुकलेल्या उत्तरांपैकी ७४ टक्के शब्दशः रोबोंचीच होती. मोठ्या माणसांवर रोबोंचा असा दबाव चालला नाही, जरी ती इतर माणसांच्या दबावाला बळी पडली. पण मोठ्यांनी फार निश्चिंत होऊ नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली इमारतीत धूर सोडून आग लागल्याचा देखावा केला गेला आणि वाट दाखवायला एक रोबो ठेवला. ज्या २६ जणांवर ही वेळ आणली, ते सगळेच्या सगळे रोबोमागून गेले. त्यातल्या निम्म्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याच रोबोला वाट चुकताना पाहिले होते. घाबरलेला माणूस समोर जो चेहरा दिसेल त्याच्यामागून जातो.

बरेही काही सापडले आहे. एमआयटीत कोरी किड यांनी ‘ऑटम’ नावाचा एक टेबलावरचा रोबो बनवला. वजन कमी करू पाहणाऱ्यांशी तो रोज थोडा वेळ बोले, काय खाल्ले, किती चाललात, हे विचारी. ४५ लोकांच्या अभ्यासात कागदाची वही वापरणाऱ्यांनी नोंद ठेवणे सरासरी सत्तावीस दिवसांत सोडले, संगणकावरच्यांनी छत्तीस दिवसांत, आणि रोबोशी बोलणाऱ्यांनी पन्नासच्या पुढे नेले. मधुमेहाच्या गोळ्या मध्येच बंद करणारी, क्षयाचा सहा महिन्यांचा औषधोपचार बरे वाटताच सोडून देणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. रोज विचारणारे कुणीतरी हवे असते. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेला, सून शेतात, आणि दारात खाटेवर म्हातारा बाप. तिथे रोज सकाळी ‘आप्पा, गोळी घेतली का?’ असे विचारणारा आवाज दुर्मीळ आहे आणि मोलाचा आहे. हे नाकारून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

भारतात अशी यंत्रे येऊ लागलीच आहेत. बेंगळुरूच्या इन्व्हेंटो कंपनीच्या ‘मित्र’ या रोबोने नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादच्या उद्योजक परिषदेत पंतप्रधान आणि इव्हांका ट्रम्प यांचे स्वागत केले. करोनाच्या काळात तोच दवाखान्यात येणाऱ्यांची विचारपूस करू लागला. मुंबईत पवईच्या केंद्रीय विद्यालयातले शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड, ॲल्युमिनियम असे टाकाऊ सामान जमवून ‘शालू’ घडवली. ती २०२१ मध्ये बातम्यांत आली, कारण ती नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषा बोलते आणि त्यात मराठीही आहे. २०१७ च्या गणेशोत्सवात पुण्याच्या पाटील ऑटोमेशनच्या यांत्रिक हाताने गणपतीपुढे आरतीचे तबक ओवाळले आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले.

शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेला चेहरा यांपेक्षा वेगळा. २६ मे २०२४ रोजी डीडी किसान वाहिनीने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे दोन कृत्रिम निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, न थकता चोवीस तास बातम्या वाचू शकतात, असे सरकारने जाहीर केले. दिसायला माणूस, बोलणे माणसाचे, मागे माणूस नाही. त्याआधी २००४ पासून किसान कॉल सेंटर होते. तिथे १८००-१८०-१५५१ वर फोन लावला, की पलीकडे खरोखरचा कृषी पदवीधर ‘बोला’ म्हणतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ आला. तिथे प्रश्न विचारतो माणूस, उत्तर देते यंत्र. वीस वर्षांत टेबलापलीकडचा माणूस असा हळूहळू मागे सरकत गेला आहे.

मन वळवण्याचा एक परिणाम प्रयोगशाळेत दिसत नाही. तो तुरीच्या बाजारात दिसतो.

कलबुर्गी म्हणजे तुरीचे आगर. इथल्या तुरीला भौगोलिक मानांकनही आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या वर गेली. जो तो तुरीविषयी बोलू लागला: आडत्या, पाहुणा, वर्तमानपत्र, सरकार. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला. देशाचे तुरीचे उत्पादन २०१५-१६ मधल्या सुमारे २५ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये जवळजवळ ४९ लाख टनांवर गेले. भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला आणि खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. कुणी खोटे बोलले नव्हते. सल्ला प्रत्येकासाठी वेगवेगळा पाहिला तर बरोबर होता. सगळ्यांनी एकाच वेळी ऐकला म्हणून तो बुडवणारा ठरला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नाटकच्या कृषी मूल्य आयोगाने मायक्रोसॉफ्टशी करार केला, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तुरीच्या भावाचा आधीच अंदाज बांधता यावा म्हणून.

अंदाज चांगला असावाच. पण एका गावात पाच आडत्ये पाच गोष्टी सांगतात, म्हणून कुणी तूर पेरतो, कुणी सोयाबीन, कुणी ज्वारी, आणि गाव तगते. तोच सल्ला उद्या एकाच गोड आवाजात, प्रत्येकाच्या बोलीत, प्रत्येकाच्या खिशातून, प्रत्येकाच्या नावानिशी आला आणि तो आवाज मन वळवण्यात निपुण असला, तर गावातली ही पाच मते हळूहळू एक होतील. मन वळवण्याच्या अभ्यासांत बहुधा एक माणूस आणि एक रोबो समोरासमोर असतात. शेतीत एक आवाज असतो आणि लाखो शिवारे. या दोन्हींतला फरक जोवर कुणी मोजत नाही, तोवर ‘शेतकऱ्याला पटले’ ही यशाची खूण धरता येणार नाही.

दुसरी अडचण जामीनकीची. आडत्याने चुकीचा सल्ला दिला, तर पुढच्या सोमवारी त्याच्या दुकानात जाऊन चार शब्द सुनावता येतात, आणि ते सुनावले जातात. आशाताईने सांगितलेल्या लसीनंतर बाळाला ताप आला, तर रात्री तिचेच दार वाजते. तिच्या शब्दाला वजन आहे ते या दारामुळे. भीड ही दोन्ही बाजूंनी असते: ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची आणि सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची. रोबोने ऐकणाऱ्याच्या बाजूची भीड मिळवली आहे, त्याला डोळे दिले, आवाज दिला, की ती मिळते. सांगणाऱ्याच्या बाजूची भीड त्याला नाही. तो चुकला तर त्याला कुणाच्याही उंबऱ्यावर मान खाली घालून उभे राहावे लागत नाही. ज्यांनी तो पाठवला, त्यांचे दार औरादपासून फार दूर असते आणि बहुधा त्यावर पाटीही नसते.

युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात माणसाला नकळत फसवून त्याचे वागणे वळवणाऱ्या आणि त्यातून इजा करणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. असे कायदे हवेत. पण त्याच वर्षी जानेवारीत कर्नाटकातल्या आशा कार्यकर्त्या थंडीत बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर बसल्या होत्या, आणि त्यांची मुख्य मागणी महिन्याला ठरलेले मानधन ही होती. ज्यांच्या शब्दाला गावात खरोखर वजन आहे, त्या बायकांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी रस्त्यावर यावे लागते आणि मन वळवणाऱ्या यंत्रांवर मात्र पैसा सहज खर्च होतो, हे चित्र मनाला लागते. आशाताईच्या हातात चांगले यंत्र द्यावे. तिच्या जागी यंत्र बसवू नये, असे या प्रस्तावनेचे स्पष्ट मत आहे. ऑटमसारखा रोबो आप्पांच्या खाटेशी जरूर असावा. पण तो कुणी आणून ठेवला आणि बिघडला तर कुणाला हाक मारायची, हे आप्पांना ठाऊक असले पाहिजे, आणि ती हाक गल्लीतल्या गल्लीत ऐकू गेली पाहिजे.

पुढच्या पानांत या विषयाचे अनेक पदर येतील: रोबोच्या आवाजातले स्त्रीत्व आणि पुरुषत्व, त्याच्या चुकीनंतर तुटणारा विश्वास, एकट्या म्हाताऱ्यांना लागणारी त्याची सवय. ते वाचताना वाचकाने या सीमाभागातला एक साधा रिवाज मनात ठेवावा. अनोळखी पोर गल्लीत शिरले, की ओट्यावर बसलेले कुणीतरी त्याला थांबवते. औरादला विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ पुढे कन्नड मोहल्ल्यात तोच प्रश्न येतो, ‘नी यार मग?’ आणि दर्ग्याच्या बाजूला, ‘किसका बच्चा है रे?’ पोर बापाचे नाव सांगते, कधी आजोबांचे, कधी मामाच्या गावाचे. नाव ओळखीचे निघाले, की त्याला पाणी मिळते आणि त्याचा निरोप ऐकून घेतला जातो. वायनाडच्या नळावरच्या पेपेला एखाद्या मुलाने हे विचारले असते, तर दूर बसलेल्या संशोधकाला काहीतरी उत्तर द्यावे लागले असते. क्रिश आणि भूमीला हा प्रश्न विचारण्याची सोय अजून टीव्हीच्या पडद्यात नाही.